पहिला महिना संगणक बंद ठेवा

"सर, शाळेत ग्राफिक डिझाइन सुरू करायचंय. कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" फोन चामोर्शीहून येवो, सिंदेवाहीहून की एटापल्लीहून, पहिला प्रश्न ठरलेला असतो. दुसराही ठरलेलाच: "आमच्याकडे चार संगणक आहेत, त्यातले दोन सुरू आहेत. चालेल ना?" तिसरा जरा दबक्या आवाजात येतो: "मला स्वतःला फोटोशॉप येत नाही. मी शिकवू शकेन का?"

उत्तरं उलट्या क्रमानं देतो. शिकवू शकाल. दोन संगणक चालतील. सॉफ्टवेअरचा प्रश्न मात्र महिनाभर कपाटात ठेवा. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या शाळांमधून आठवी ते दहावीच्या मुलांबरोबर हा छोटा अभ्यासक्रम मी घेत आलो आहे, आणि जिथे पहिल्या दिवशी संगणक सुरू झाला तिथे मुलं बटणं शिकली, डिझाइन शिकली नाहीत.

व्याख्या एवढीच पुरे: सांगायची गोष्ट अक्षरं, चित्र आणि मोकळी जागा वापरून अशी मांडायची, की ज्याच्यासाठी ती आहे त्याला ती चटकन कळावी.

विषय तुमच्या वेळापत्रकात आहेच

मुख्याध्यापकांना "नवा विषय" म्हणून सांगायला गेलात, तर पहिली आडकाठी तिथेच येईल. विषय नवा नाही. कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षांना, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला, तुमची मुलं बसतात. त्या परीक्षांमध्ये संकल्पचित्र आहे, भूमितीबरोबर अक्षरलेखनही आहे. डिझाइनला मराठीत शाळेनं दिलेला शब्द "संकल्पचित्र" हाच. शिवाय इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात (ए श्रेणीला ७, बी ला ५, सी ला ३), हे पालकांना सांगायला उपयोगी पडतं.

फरक एकच लक्षात ठेवा. परीक्षेतलं संकल्पचित्र वर्तुळात नाहीतर चौकोनात आकार बसवून डोळ्याला सुखावतं. ग्राफिक डिझाइनला त्यापुढे एक काम असतं. ते झालं की नाही, हे भिंतीवर लावल्यावर कळतं.

कला आणि कार्यानुभवाच्या तासिकांमध्ये हा अभ्यासक्रम बसतो. सहावी ते आठवीसाठी नव्या शैक्षणिक धोरणात (२०२०) दप्तराविना दहा दिवसांची कल्पना आहे. त्यातले तीन-चार दिवस मागून घेता येतात. मला चोवीस तासिका पुरतात.

कधी सुरू कराल?

दिवाळीनंतर. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी असते, वर्ग अर्धा रिकामा असतो आणि जी मुलं येतात ती थकून येतात. मार्चमध्ये मोह पडायला लागतो, मग परीक्षा, मग तेंदू. दिवाळी ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा मोकळा काळ. शिवाय याच दिवसांत मंडया भरतात, शंकरपट होतात, नाटकं लागतात आणि गावोगावच्या भिंती पोस्टरांनी भरून जातात. तुमचं पाठ्यपुस्तक रस्त्यावर लागलेलं असतं.

पहिला महिना: कागद, कात्री, खळ

सामान: रद्दी वर्तमानपत्रं, कार्डशीट, काळा जाड मार्कर, कात्री, खळ, मोजपट्टी आणि वीस-पंचवीस हात दोरी. रंगपेटी नको. रंग हाती आले की मुलं रंगवत बसतात आणि मांडणीचा विचार मागे पडतो.

*बारा पावलं.* कोणतंही पोस्टर भिंतीवर लावा आणि मुलांना बारा पावलं मागे न्या. तिथून काय वाचता येतं ते वहीत लिहायला सांगा. मग सहा पावलं, मग तीन. मोठं काय, मधलं काय, लहान काय, हे मुलं आपापलं शोधतात. तुम्हाला फळ्यावर काही लिहावं लागत नाही. माझ्या एका वर्गात बारा पावलांवरून वाचता आलं ते फक्त "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा". कोणाच्या वाढदिवसाच्या, ते तीन पावलांवर यावं लागलं, आणि शुभेच्छुकांचे बावीस चेहरे तर नाक लावल्यावरच ओळखू आले.

*शिरोरेषेची दोरी.* दोरी ताणून बांधा आणि कापलेली अक्षरं तिला टांगा. मराठी अक्षर दोरीवरच्या कपड्यासारखं वरून लटकतं, इंग्रजी अक्षर जमिनीवर उभं राहतं. ही एक गोष्ट हाताला कळली, की पुढे संगणकावर मुलं अक्षरांमधलं अंतर वाढवून शिरोरेषा तोडत नाहीत, आणि दोन ओळी इतक्या जवळ आणत नाहीत की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसावा. याच तासाला मराठीचा पाकळीयुक्त "ल" आणि देठयुक्त "श" काढून घ्या. मोबाइलवर बरेचदा हिंदी वळणाची अक्षरं येतात. दहावीच्या मुलांनाही फरक दाखवल्याशिवाय दिसत नाही. वेळ उरला तर कमल शेडगे यांनी केलेली नाटकांची शीर्षकं दाखवा. नाटकाचा स्वभाव अक्षरांच्या वळणातून कसा सांगता येतो, ते पाहायला याहून चांगला नमुना नाही.

*कागदाची घडी.* ए-४ कागद मध्ये दुमडला की ए-५ होतो, पण लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं. फ्लेक्स मात्र फुटांत मोजतात: तीन बाय दोन, सहा बाय चार. प्रमाण वेगळं. ए-४ वर केलेलं पोस्टर दुकानदार ओढूनताणून सहा बाय चारमध्ये बसवतो आणि फ्लेक्सवरचे सगळे पाहुणे किंचित जाड होतात. म्हणून आकार आधी, चित्र नंतर. चंद्रपूर जिल्ह्यातल्या शाळांना कागदाचा धडा शिकवायला लांब जावं लागत नाही. बल्लारपूरला कागदाचा कारखाना आहे; भेटीची परवानगी मागून पाहा.

वडसा हे तुमचं ग्रंथालय

झाडीपट्टीच्या नाटकाचं पोस्टर वर्गात आणाच. वडसा-देसाईगंजला नाटक मंडळ्यांची कार्यालयं आहेत, हंगामात तिथे पोस्टरांचे गठ्ठे पडलेले असतात, आणि मागितलं तर दोन-चार कोणीही देतं. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हापासून झाडीपट्टी म्हणजे काय हे बाहेरच्यांना निदान सांगत बसावं लागत नाही.

हे पोस्टर भडक असतं, खचाखच भरलेलं असतं, आणि शहरात शिकून आलेला डिझायनर त्याला नाक मुरडतो. तुम्ही मुरडू नका. ते काय काम करतं ते पाहा. रात्रभर चालणाऱ्या नाटकाला दहा गावांतून माणूस यायला हवा. त्याला तीन गोष्टी हव्यात: नाटक कोणतं, कोणत्या गावी, कधी. चौथी म्हणजे कलावंत कोण. नाटकाचं नाव तिरकं, छायेसकट, पोस्टरच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. चेहऱ्यांचा आकार मानधनाच्या प्रमाणात, असं मुलं गमतीनं म्हणतात आणि ते फारसं खोटं नसावं. गाव आणि तारखेसाठी बरेचदा कोरी पट्टी सोडलेली असते, कारण एकच पोस्टर पंचवीस गावांना चालवायचं असतं. तारीख नंतर मार्करनं लिहितात. छपाईचा खर्च वाचवणारी ही युक्ती डिझाइनच्या कोणत्याही वर्गात शिकवावी अशी आहे.

सराव असा द्या. पोस्टरचा एकेक भाग कोऱ्या कागदानं झाका आणि विचारा: "आता नाटकाला जाता येईल का?" ज्याच्यावाचून अडत नाही ते लहान करायचं किंवा काढायचं. नंतर त्याच नाटकाचं पोस्टर दोनच रंगांत आणि वीस शब्दांत करायला सांगा.

एक काम जवळून: वाघाची पाटी

प्रत्येक तुकडीला मी गावाच्या खऱ्या गरजेचं एक काम देतो. ताडोब्याच्या भोवतालच्या गावांत आणि ब्रह्मपुरीकडच्या पट्ट्यात ते शोधावं लागत नाही. जंगलाच्या कडेला सूचनाफलक असतातच. मजकूर साधारण असा: "सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की, सदर परिसरात वन्यप्राण्यांचा वावर असून..." खाली कक्ष क्रमांक, त्याखाली पदनामं.

नववीच्या मुलांना मी विचारलं, ही पाटी कोण वाचणार? "मोह वेचायला जाणाऱ्या बाया." केव्हा? "पहाटे, अंधारात." त्या वेळी नजर कुठे असते? सगळी हसली. मोह वेचणारीची नजर जमिनीवर असते; पाटी सात फूट उंच.

मग चित्राचा प्रश्न आला. बहुतेकांनी मोबाइलवरून जबडा उघडलेल्या वाघाचं तोंड उतरवलं. एक मुलगी म्हणाली, "सर, असाच वाघ रिसॉर्टच्या बोर्डावर आहे." खरं होतं. मोहर्लीच्या रस्त्यानं गेलात तर वाघाचं तोंड म्हणजे "या, बसा, सफारी करा". तेच तोंड आम्ही "जाऊ नका" सांगायला वापरत होतो! त्या दिवशी मुलांना चिन्ह म्हणजे काय ते समजलं. मला दोन तासिका बोलूनही ते सांगता आलं नसतं.

शेवटी तिच्या गटानं वाघ काढलाच नाही. वाकलेली एकटी बाई, तिच्यामागे काळं रान, आणि खाली तीन शब्द: "एकटी जाऊ नको". बाजूच्या चौकटीत चार बाया, एकीची मान वर, बाकीच्या वेचताहेत. ते पोस्टर जंगलाच्या कडेला लावायचं नाही, टोल्यावरच्या हातपंपाजवळ लावायचं, हेही त्यांनीच ठरवलं. जाण्याचा बेत आदल्या संध्याकाळी पाण्यावरच ठरतो म्हणून. कुठे लावायचं हा डिझाइनचाच भाग आहे. तुमच्या वर्गात तो प्रश्न कोणी विचारला नाही, तर तुम्ही विचारा.

एक पथ्य: असं पोस्टर जंगलात किंवा वनखात्याच्या पाटीवर परस्पर चिकटवू नका. वनरक्षकांना आणि ग्रामपंचायतीला आधी दाखवा. मजकुरात चूक असेल तर तेच सांगतील.

इतर चालण्यासारखी कामं: मलेरियासाठी मच्छरदाणीचं पत्रक, बचतगटाच्या मोहाच्या किंवा मधाच्या बाटलीचं लेबल, आश्रमशाळेच्या जेवणघरातला फलक, बसथांब्यावरचं वेळापत्रक. वाढदिवसाचा बॅनर शक्यतो नको. तो त्यांना तुमच्याआधीच येतो.

भाषा कोणती?

सिरोंच्याला घरात तेलुगू, मुलचेऱ्याकडे बंगाली, कोरची-कुरखेड्याला छत्तीसगढी, भामरागडला माडिया, वडसा-आरमोरीला झाडीबोली. एकच मराठी पोस्टर सगळीकडे चालेल असं धरू नका. मुलांना आधी घरच्या भाषेत वाक्य बोलायला सांगा, मग लिहायला. ते वाक्य नेहमी लहान निघतं. "सदर", "सूचित", "असून" आपोआप गळतात.

गोंडी-माडियासाठी मोबाइलच्या भाषांतरावर विसंबू नका. गावातल्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. गोंडीच्या लिप्या संगणकावर आल्या आहेत: मसराम गोंडी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली, गुंजाला गोंडी २०१८ मध्ये. मुलांना त्याचा अभिमान वाटतो आणि वाटावाच. पण मच्छरदाणीच्या पत्रकापुरतं विचारा, टोल्यावर ही लिपी वाचणारे किती? माझा तोडगा असा: शीर्षक गोंडी लिपीत, सूचना देवनागरीत लिहिलेल्या गोंडीत.

याच ओघात एक तक्रार. आदिवासी म्हटलं की शाळेच्या भिंतीवर वारली काढायची, ही खोड सोडा. वारली चित्रं पालघर-डहाणूकडची, त्यांना भौगोलिक मानांकनही आहे. आणि मोबाइलवर "गोंड पेंटिंग" शोधलं की जे येतं, ती मध्य प्रदेशातल्या पाटणगडच्या परधान कलावंतांची, जनगडसिंह श्याम यांच्यापासून नावारूपाला आलेली शैली. दोन्ही सुंदर आहेत, दोन्ही इथल्या नाहीत. माडिया घरातल्या लाकडी वस्तूंवरची नक्षी, आजीच्या हातावरचं गोंदण, बांबूच्या टोपलीची वीण यांची रेखाटनं मुलांकडून करून घ्या. मृतांच्या स्मरणार्थ उभारलेले खांब आणि दगड मात्र बाटलीच्या लेबलावर जात नसतात. काय चालेल हे गावाला विचारून ठरवा.

आता संगणक सुरू करा

पर्याय आहेत ते असे:

- इंकस्केप: फुकट, इंटरनेटशिवाय चालतं, अक्षरं आणि आकारांसाठी उत्तम. पेन ड्राइव्हवरून बसवता येतं. शाळेनं एकच निवडायचं तर हे निवडा.
- क्रिटा आणि गिम्प: तेही फुकट. चित्र काढायला क्रिटा, फोटो दुरुस्त करायला गिम्प. जुन्या संगणकावर क्रिटा धापा टाकतं.
- कॅनव्हा: शिक्षक आणि शाळांसाठी मोफत योजना आहे. पण इंटरनेट लागतं, आणि तयार साचे इतके हाताशी असतात की मुलं साचा निवडण्यालाच डिझाइन समजतात. वापरायचंच तर शेवटच्या आठवड्यात.
- मोबाइलवरचं पिक्सेललॅब: यावर "फालतू" असा शिक्का मारू नका. तुमच्या वर्गात किमान एक मुलगा असा असतोच जो गावातले सगळे बॅनर यावर करतो. त्याला मदतनीस करा. त्याला लेअर कळतात, पीएनजी कळते. कमी पडते ती फक्त बारा पावलांची शिकवण.
- कोरलड्रॉ, फोटोशॉप: छपाईच्या दुकानात हेच चालतं, म्हणून मुलांना त्यांची नावं माहीत हवीत. शाळेनं पैसे घालावेत असं मला वाटत नाही. आणि "क्रॅक" टाकून देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा: ते बेकायदा आहे, आणि शाळेच्या संगणकात व्हायरस बहुधा याच वाटेनं येतो.

दोन संगणक आणि चाळीस मुलं असतील तर एका संगणकावर तिघे: एक माउस धरतो, एक कागदावरचा आराखडा वाचून सांगतो, तिसरा घड्याळ बघतो आणि दर दहा मिनिटांनी "सेव्ह" ओरडतो. वीज कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे हे तिसरं काम मुळीच दुय्यम नाही. पंधरा मिनिटांनी जागा बदला. बाकीची मुलं कागदावर. ज्याचा आराखडा कागदावर तयार नाही त्याला संगणक नाही, हा नियम मोडू नका.

फॉन्टची भानगड

सगळ्यात जास्त रडवणारी गोष्ट ही. मुलं मोबाइलवर किंवा इंकस्केपमध्ये मराठी टाइप करतात ते युनिकोड. छपाईच्या अनेक दुकानांत अजून श्रीलिपी किंवा तशाच जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरतात. मजकूर एकाकडून दुसऱ्याकडे गेला की अक्षरांचा चिवडा होतो. माझ्या एका तुकडीचं स्नेहसंमेलनाचं निमंत्रण दुकानातून छापून आलं तेव्हा "प्रमुख अतिथी" ही ओळ कोणत्याही भाषेत नव्हती. दोनशे प्रती. दोष दुकानाचा जेवढा, तेवढाच माझा. मी छपाईपूर्वीची प्रत पाहिली नव्हती.

फॉन्ट मोफत आणि खुल्या परवान्याचे घ्या. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे मुक्त आणि बलू दोन्ही चांगले: मुक्त मजकुराला, बलू मोठ्या शीर्षकाला. विंडोजबरोबर येणारा मंगल र. कृ. जोशी यांनी पडद्यावर वाचण्यासाठी केला. तो पोस्टरवर ताणू नका. एका पोस्टरला दोन फॉन्ट पुरेत.

दुकानात देण्याआधी एवढं तपासा:

1. मूळ फाइल वेगळी जपून ठेवा. देण्याच्या प्रतीत अक्षरांचं आकारात रूपांतर करा (दुकानदाराच्या भाषेत "कर्व्ह करा"). मग फॉन्ट त्याच्याकडे असो नसो, अक्षर हलत नाही.
2. पीडीएफ द्या. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो पाठवला की दर्जा घसरतो.
3. कागदावर छापायच्या फोटोला ३०० डीपीआय हवेत. फ्लेक्स लांबून पाहतात, तिथे त्याहून कितीतरी कमी चालतात.
4. चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा रंग सोडा, नाहीतर कापताना पांढरी कड येते.
5. पडद्यावरचा झगझगीत पोपटी रंग कागदावर तसा येत नाही. पडदा आरजीबी, छपाई सीएमवायके. महत्त्वाचं काही त्या पोपटीच्या भरवशावर ठेवू नका.
6. तारीख, वार आणि गावाचं नाव तीन वेगवेगळ्या मुलांनी मोठ्यानं वाचायचं. वार चुकतोच.

हक्क: मुलांचे, तुमचे, इतरांचे

*चित्र नेटवरून घेतलं तर?* वर्गात शिकवताना आणि शिकताना एखाद्या कलाकृतीची नक्कल करायला कॉपीराइट कायदा (१९५७) कलम ५२ मध्ये सवलत देतो. तेच चित्र बचतगटाच्या लेबलावर किंवा गावच्या फ्लेक्सवर गेलं की ही सवलत संपते. सोपा नियम: वर्गाबाहेर जाणाऱ्या कामात फोटो मुलांनी काढलेला, चित्र मुलांनी रेखाटलेलं.

*मुलाच्या कामाचा मालक कोण?* मूलच. वय कमी म्हणून तो हक्क शाळेकडे जात नाही. स्पर्धेच्या अर्जात "सर्व हक्क आयोजकांकडे राहतील" असं बारीक अक्षरांत असतं, ते सही करण्यापूर्वी पालकांना वाचून दाखवा.

*दुकानदारानं काम मागितलं तर?* हे होतं, आणि मुलं हरखून जातात. १८ वर्षांखालच्या मुलानं केलेला करार कायद्यानं टिकत नाही, म्हणून बोलणी आणि सही पालकांची. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं, मोजक्या सवलती सोडल्या तर, गुन्हा आहे. एखादं लेबल करून देणं वेगळं, रोज संध्याकाळी दुकानात बसवणं वेगळं. फुकट तर मुळीच नको. वह्या-पुस्तकांपुरते का होईना, पैसे ठरवून घ्या.

*फोटो.* पोस्टरवर मुलाचा किंवा मुलीचा चेहरा घालण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या.

*राजमुद्रा.* चार सिंहांची मुद्रा "शोभून दिसते" म्हणून मुलं हमखास टाकतात. २००५ च्या कायद्यानुसार तिचा असा वापर चालत नाही. शाळेचं बोधचिन्ह वापरा.

*राजकीय फ्लेक्स.* निवडणूक आली की कोणी ना कोणी "तुमच्या पोरांकडून करून द्या" म्हणतं. नाही म्हणा. अडचण वाटत असेल तर मुख्याध्यापकांकडे बोट दाखवा.

गुण कसे द्याल?

"सुंदर" या शब्दाला गुण नाहीत. मी वीसपैकी आठ गुण बारा पावलांच्या चाचणीला देतो, सहा कागदावरच्या कच्च्या आराखड्यांना (किमान पाच हवेत), चार शुद्ध आणि सोप्या मजकुराला, दोन संगणकावरच्या सफाईला. हे आकडे आधी सांगून टाका. चित्रकला "येत नाही" असं ज्यांना कोणीतरी सांगून ठेवलंय ती मुलं मग बिचकत नाहीत, आणि यात पुढे बरेचदा तीच असतात.

"पुढे याचं काय होतं?"

पालक हे विचारणारच. दहावीनंतर आयटीआयमध्ये डेस्कटॉप पब्लिशिंग ऑपरेटरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. प्रत्येक आयटीआयमध्ये नाही, तेव्हा आधी चौकशी करा. बारावीनंतर, कोणत्याही शाखेतून, उपयोजित कलेची पदवी घेता येते. आपल्याला जवळचं म्हणजे नागपूरचं शासकीय चित्रकला महाविद्यालय. त्यासाठी राज्याची कला प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. आयआयटीतल्या बी. डेस. साठी यूसीड ही परीक्षा, एनआयडीसाठी तिची स्वतंत्र. दोन्हींचे अर्ज बारावीचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधी भरावे लागतात, आणि आपल्याकडची मुलं मागे पडतात ती बहुतेक इथेच: गुणवत्ता असते, तारीख गेलेली असते.

अनुसूचित जमातीच्या मुलांना शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर करता येतो, आणि वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेतून राहण्या-जेवण्याचा खर्च मागता येतो. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करा. ते हातात यायला वेळ लागतो आणि प्रवेशाच्या आठवड्यात ते धावपळीनं मिळत नाही.

इतकं सगळं नको असेल तरी हरकत नाही. ज्या मुलीला कोणतीही पदवी घ्यायची नाही, तिच्या बचतगटाच्या मधाच्या बाटलीवर वजन, किंमत आणि गावाचं नाव नीट वाचता आलं तरी चोवीस तासिका वसूल झाल्या असं मी समजतो.

आणि हो, पोस्टर भिंतीवर लावताना करणाऱ्या मुलांची नावं त्यावर लिहायला विसरू नका. कोपऱ्यात, लहान अक्षरांत. पण तीन पावलांवरून वाचता येतील अशी.